तंबूचं तोंड

अल-अयून,
११ फेब्रुवारी २०२२

प्रिय लेहबीब,

सलाम. फोनवर मी "हवा बरी आहे, तब्येत बरी आहे" याच्या पलीकडे काही बोलत नाही म्हणून तू रुसतोस. अरे, इथल्या फोनला आपल्या दोघांपेक्षा जास्त कान आहेत. म्हणून हे पत्र. देईदा मेलहफांचे गठ्ठे घेऊन मॉरिटानियात जातो, तिथून त्याचा मेहुणा तुमच्या निर्वासितांच्या छावणीत येतो. बायकांच्या नेसायच्या कापडांच्या घडीत हात घालायला शिपायांनाही लाज वाटते, त्यामुळे कागद सुखरूप पोचेल. महिना लागेल, पण पोचेल. मी राहते ते अल-अयून, तुम्ही राहता त्या छावणीचं नावही अल-अयूनच. आणि या अल-अयूनमधून त्या अल-अयूनला जायचं तर वाळूची ती लांबच लांब भिंत आणि तिच्या पायथ्याशी पेरलेले सुरुंग चुकवून दोन सरहद्दी ओलांडाव्या लागतात.

आईला आधी एवढं वाचून दाखव: तिचा तंबू ठीक आहे. यंदाही गच्चीवर उलगडून ऊन दाखवलं. बकरीच्या केसांचा वास अजून तसाच आहे, आणि मागच्या कडेला तिनं विणलेला तांबडा पट्टाही विटलेला नाही. उभा मात्र करता येत नाही, ते तिला ठाऊक आहे. शहराबाहेर आपल्या लोकांनी निषेधाचे तंबू ठोकले होते ना, तेव्हापासून इथे तंबू म्हटलं की पोलिसांच्या पोटात गोळा येतो. समुद्रावर पोरांना सावली म्हणून कुणी चादर ताणली तरी दोघं जण येऊन विचारतात, "हे काय चाललंय?"

आणि आता ऐक. मागच्या आठवड्यात गव्हर्नराच्या कचेरीतला तुहामी घरी आला. आपल्यावर राज्य करायला आलेल्या त्या उत्तरेकडच्या शेजाऱ्यांचा माणूस, बूट लखलखीत. मी चहा ठेवला. आपल्याकडे तीन पेले होईपर्यंत कामाचं बोलत नाहीत, पण हा पहिल्याच घोटाला सुरू झाला. "खाला, तुमच्याकडे म्हणे जुना अस्सल तंबू आहे." समुद्रापलीकडचा एक मोठा देश इथे वकिलात उघडतोय. जूनमध्ये समारंभ आहे. दारासमोर खराखुरा वाळवंटी तंबू हवा, आणि आत खजूर आणि उंटिणीचं दूध घेऊन स्वागताला खरीखुरी वाळवंटी बाई हवी. मी म्हटलं, "तंबूला तर बंदी आहे ना?" तो हसला. म्हणाला, "खाला, हा सरकारी तंबू होईल."

माझ्या आईनं माझ्या जन्माच्या वर्षी विणलेला तंबू सरकारी कसा होईल, ते मी विचारलं नाही. विचार करते म्हटलं.

एक सहज विचारते. आईचे गुडघे कसे आहेत? विमानात बसवेल का तिला?

तुझी,
सुएल्मा


अल-अयून छावणी,
१७ मार्च २०२२

ताई,

नाही.

एवढ्या एका शब्दात पत्र संपवता आलं असतं. पण तू म्हणशील, रोज संध्याकाळी रेडिओवर बातम्या वाचणाऱ्या माणसाला बहिणीसाठी एकच शब्द सुचला. म्हणून आणखी लिहितो.

वकिलात कुठे उघडतात? ज्याची जमीन असते त्याच्या गावात, त्याच्या परवानगीनं. तुझ्या शहरात ती उघडली याचा अर्थ त्या मोठ्या देशानं जगाला सांगितलं की ही जमीन शेजाऱ्याची, आणि इथे राहणारी माणसं म्हणजे किरकोळ गोष्ट. फॉस्फेट त्यांना हवं, मासे त्यांना हवेत, आता पवनचक्क्या लावून वारासुद्धा नेतात. आपल्याला कुणी विचारलं नाही. एकदा मतदान घेऊन विचारणार होते, आठवतं? नव्वदच्या दशकात परदेशी साहेब टेबलं मांडून बसले होते. आई त्यांच्यापुढे उभी राहिली, बापाचं, आजाचं, पणजाचं नाव सांगत थेट टोळीच्या मूळ पुरुषापर्यंत पोचली. साहेबांनी मान डोलावली, मतदानाला तिचं नाव लागलं. मग? मतदान कुठे आहे? मोठे देश आता म्हणतात, मतदान "व्यवहार्य" नाही. आपल्याला मत देता येऊ नये म्हणून त्यांनी केवढी मेहनत घेतली आहे, आणि आता म्हणे व्यवहार्य नाही.

आणि तू त्यांना दूध पाजणार?

तू म्हणशील, लेहबीबनं तो तंबू पाहिलेलासुद्धा नाही. खरं आहे. शहर सोडून पळताना वरून शेजाऱ्याची विमानं बॉम्ब टाकत होती तेव्हा मी आईच्या पोटात होतो. वाळवंटात आम्हाला तंबू कुठला? आईनं आणि तिच्याबरोबरच्या बायकांनी अंगावरच्या मेलहफा एकमेकींना शिवल्या आणि त्यांच्या आडोशाला मी जन्मलो. नंतर पोत्यासारख्या कापडाचे मदतीचे तंबू आले, मग मातीच्या खोल्या. मला खांब कसा उभा करतात तेही येत नाही. पण तंबू काय असतो हे मला कळतं. तो बाईचा असतो. नवरा-बायकोचं बिनसलं तर नवरा बाहेर जातो, तंबू बाईबरोबर राहतो. आईचा तो शेवटचा ऐवज तू त्यांच्या फोटोसाठी ठोकणार असशील तर मला सांगूही नकोस.

आईला तंबूचं ऊन दाखवलेलं वाचून दाखवलं, तिनं डोळे मिटून ऐकलं. पुढचं तुहामीचं वाचलं नाही. तिला ताप कशाला?

गुडघे वाईट आहेत. थंडीत पाण्याच्या टाकीपाशी पडली. विमानाचं का विचारतेस?

लेहबीब


अल-अयून,
२२ एप्रिल २०२२

लेहबीब,

तुझं पत्र वाचून असं वाटलं की माझ्या खोलीत लाउडस्पीकर लावलाय. बाबा रे, वकिलातीचा अर्थ मला तू सांगू नकोस. मी तिच्या समोरून रोज बाजारात जाते. पांढरा रंग देतायत. फॉस्फेट वाहून नेणारा तो लांबलचक पट्टा समुद्राकडे सरकताना मी लहानपणापासून बघतेय. तुझा राग भिंतीच्या पलीकडचा आहे. तिथे ओरडता येतं. माझा राग मला चहाबरोबर गिळावा लागतो.

आणि छावणीला जागा देणाऱ्या तुमच्या यजमान देशाचंही आपल्यावर काही प्रेम उतू जात नाही. त्यांना शेजाऱ्याच्या पायात काटा हवा होता, तो आपण झालो. त्या मोठ्या देशाला शेजाऱ्याची दुसऱ्या कुठल्या तरी देशाशी मैत्री जमवून द्यायची होती, त्या सौद्यात आपण वरकड म्हणून दिले गेलो. आपल्यासाठी कोण भांडतंय ते मला एकदा नाव घेऊन सांग.

आता विमानाचं. तुला सांगणार नव्हते, पण तू मला विकली गेलेली समजतोस, म्हणून सांगते.

तुहामी दुसऱ्यांदा आला तेव्हा पेढीवरच्या माणसासारखं बोलला. "खाला, तुमची आई तिकडे आहे ना? म्हातारी झाली असेल. तुम्ही समारंभाला मदत केलीत तर तिचे कागद मी करून देतो. विमान, दवाखाना, सगळं." मी विचारलं, "किती दिवसांसाठी?" तो म्हणाला, "कायमची."

लेहबीब, मी नऊ वर्षांची होते. मला गोवर आला होता, ट्रकमध्ये घेऊन जाण्यासारखी नव्हते. आई मला मावशीकडे ठेवून म्हणाली, "दोन दिवसांत येते. तंबूवर लक्ष ठेव." मी लक्ष ठेवलं. लग्न झालं तेव्हा ठेवलं, नवरा गेला तेव्हा ठेवलं. मध्ये ती भेटीची विमानं सुरू झाली तेव्हा मी तिकडे आले, तुला पहिल्यांदा पाहिलं, तुला मिशा होत्या. पाच दिवसांत आई माझ्याशी काय बोलली माहीत आहे? मी काय खाते ते विचारत राहिली. रोज. मी तिथे असताना मला भरवत होती, आणि विचारत होती की तू नीट जेवतेस ना. मग तीही विमानं बंद पडली.

मला ती हवी आहे. तुझ्याकडे ती सगळा वेळ आहे, म्हणून तुला तत्त्वं परवडतात. तिच्या डोळ्यांना आता कमी दिसतं, कुठला झेंडा लावलाय ते तिला दिसणारही नाही. समुद्राचा वास मात्र येईल. तो तिला यावा एवढ्यासाठी मी त्या साहेबाला दूध देईन आणि वर हसेनही.

कागद हातात पडेपर्यंत आईला सांगू नकोस. आशा लावायची आणि मोडायची हे तिच्याशी खूप जणांनी केलंय.

सुएल्मा


अल-अयून छावणी,
२० मे २०२२

ताई,

सांगितलं. सगळं सांगितलं. तुझं पत्र शब्दन्‌शब्द वाचलं, माझ्या मिशांसकट. तिचा निर्णय आपण दोघांनी तिच्या पाठीमागे करायचा, हे मला पटलं नाही. तू रागव.

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा तुला शिव्या देईल, किंवा म्हणेल की जाते. मी तिन्हीची तयारी ठेवली होती. बाईनं पहिला प्रश्न काय विचारावा? "जूनमध्ये तिथे वारा कुठून सुटतो ते सुएल्माच्या लक्षात आहे ना?"

मी म्हटलं, "आई, मुद्दा वाऱ्याचा नाही."

"तुला काय कळतंय त्यातलं? तू मातीच्या खोलीत वाढलास. तिला लिही, तंबू बाईचा, तोंड कुठे करायचं ते बाई ठरवते. वाऱ्याचं भान ठेव म्हणावं. मी तिला शिकवलंय."

"पण तुला जायचंय की नाही?"

"चहा कर," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी परत विचारलं तर परत वाराच. ताई, तिचं वय झालंय. तुझ्या या विमानानं तिच्या डोक्यात काहीतरी हललं. मी ते तुला जसंच्या तसं कळवतो, कारण मी निरोप गाळत नाही, पण त्यात उत्तर शोधू नकोस.

माझं उत्तर तुला माहीत आहे. आई आली तर तिच्याकडून काय काय वदवून घेतील याचा विचार केलास? त्यांना म्हातारीची काळजी नाही. त्यांना घरी परतलेली म्हातारी हवी आहे, टीव्हीवर दाखवायला. परत एकदा सांगतो, तंबू देऊ नकोस. दिलास तर मला बहीण नाही.

लेहबीब


अल-अयून छावणी,
१९ जून २०२२

सुएल्मा,

ताई लिहीत नाही.

काल टीव्हीवर पाहिलं. शेजारपाजारचे सगळे आमच्या खोलीत जमले होते, कारण कुणीतरी पसरवलं होतं की आपल्या आईचा, तकबरचा, तंबू दाखवणार आहेत. दाखवला. मंचावर ते साहेब, मागे झेंडे, आणि समोर आपला काळा तंबू. बायका बघायच्या थांबल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या. मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं.

आई एकटी हसत होती. टीव्हीला नाक लावून बसली होती. "तांबडा पट्टा दिसतोय का रे?" मी म्हटलं, दिसतोय. "मंचाच्या बाजूनं दिसतोय?" हो. "आणि कापड फुगलंय?" मी म्हटलं, गाभण उंटिणीच्या पोटासारखं फुगलंय, पुरे आता. ती डोळे पुसून पुसून हसत होती, पुन्हा दाखवतील का विचारत होती. मी टीव्ही बंद केला. तिची ही अवस्था तुझ्यामुळे झाली.

संध्याकाळच्या बातम्यांनंतर मी तुझं नाव घेऊन बोललो. लपवत नाही. म्हटलं, तकबरच्या पोटच्या पोरीनं आईचं घर वेशीवर टांगलं, आमचं घर तिला बंद आहे. छावणीतल्या सगळ्यांनी ऐकलं. तुझ्या शहरातही ऐकू जातं म्हणतात. जावं.

यापुढे पत्र नको. देईदाच्या मेहुण्याला मी तसं सांगतो.

लेहबीब


अल-अयून,
३ जुलै २०२२

माझ्या गाढवा,

पत्र नको असं तू सांगशीलच, म्हणून देईदाला सांगितलंय की हे आईच्या हातात द्यायचं आणि वाचायला तुला बसवायचं. वाच, मोठ्यानं वाच. रेडिओवर वाचतोस तसं.

तुझं मे महिन्याचं पत्र समारंभाच्या आदल्या आठवड्यात पोचलं. आईचं वाऱ्याचं वाचलं आणि तिला काय म्हणायचंय ते माझ्या लक्षात आलं. मला तोपर्यंत कळत नव्हतं काय करू. कारण त्याच दिवशी सकाळी तुहामी आईच्या सहीसाठीचा कागद घेऊन आला होता. म्हणाला, हा तिकडे पोचता करू, तिचा अंगठा आला की विमान. मी वाचायला मागितला. त्याला वाटलं होतं मला वाचता येत नसेल.

कागदावर आईच्या तोंडी घातलं होतं की तिला इतकी वर्षं त्या छावणीत डांबून ठेवलं होतं. ती कैदी होती. तिला डांबणाऱ्यांत तिचा स्वतःचा मुलगा, रेडिओवरचा लेहबीब, हासुद्धा होता. मायदेशानं तिला सोडवलं म्हणून ती आभारी आहे. हे तिनं समारंभानंतर टीव्हीवर बोलायचं होतं.

ज्या पोराला तिनं अंगावरच्या कापडाच्या आडोशाला जन्म दिला तो तिचा पहारेकरी. आणि तिला तिच्या घरातून बॉम्ब टाकून ज्यांनी काढलं ते तिचे सोडवणारे. मला कधी एवढा संताप आला नव्हता. मी कागदाची नीट घडी करून परत दिली. तुहामीला म्हटलं, "छान लिहिलंय."

त्याला नाही म्हटलं असतं तर तंबू त्यांनी नेलाच असता, आणि त्यांच्या माणसांनी तो वाऱ्याला पाठ करून, मंचाकडे तोंड करून नीट ठोकला असता. म्हणून मी हो म्हटलं. एकच अट घातली. तंबू बायकाच उभा करतील, पुरुषानं हात लावायचा नाही, आमच्यात तसं आहे. त्याला हे फारच आवडलं. रिवाज, रिवाज म्हणत चौघांना सांगत सुटला.

गल्लीतल्या बायका घेऊन पहाटे गेले. दोन्ही खांब उभे केले, दोर ताणले, आणि तंबूचं तोंड केलं उगवतीकडे. तिकडून वारा येतो. तिकडेच तुम्ही आहात. मंच होता समुद्राकडे, त्याला आली तंबूची पाठ. आपल्यात शेंबडं पोरगंसुद्धा वाऱ्याला तोंड करून तंबू ठोकणार नाही, आणि पाहुण्याला पाठ दाखवणं म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. पण तुहामी उत्तरेचा. त्याला तंबू चारी बाजूंनी सारखाच. साहेब यायच्या थोडं आधी त्याच्या लक्षात आलं की दार दिसत नाहीये. "खाला, फिरवा की." मी म्हटलं, "तंबूचं तोंड बाई ठरवते, बाळा. आता फिरवला तर अपशकुन. तुझे पाहुणे वळसा घालून येतील, दोन पावलांनी काय होतंय?"

वारा वेळेवर आला. मंचावरून भाषण चालू होतं, मोठा देश म्हणत होता की इथल्या माणसांच्या डोळ्यांत त्याला आनंद दिसतो, आणि त्याच्या समोर आईच्या तंबूची फुगलेली पाठ होती. आजूबाजूच्या गच्च्यांवर आपली माणसं उभी होती. पहिल्यांदा एका म्हातारीच्या लक्षात आलं. तिनं जीभ हलवून लग्नात घालतात तशी लांब किलकारी घातली. मग दुसऱ्या गच्चीवरून, मग सगळीकडून. साहेबाला वाटलं त्याचंच स्वागत. त्यानं हात हलवला. लेहबीब, तो बराच वेळ हात हलवत होता.

मग सगळे वळसा घालून आत आले, कपाळावर हात धरून, डोळे बारीक करून. गालिच्यावर वाळू, खजुरांवर वाळू. मी दुधाचा वाडगा पुढे केला, त्यातही वाळू. साहेबानं एक घोट घेतला, दाताखाली कचकन वाजलं. तो दुभाष्याला काहीतरी बोलला. दुभाष्या म्हणाला, "साहेब विचारतायत, नेहमी असंच असतं का?" मी म्हटलं, "त्यांना सांग, जून आहे."

संध्याकाळी मला कचेरीत नेलं. तोवर कुणीतरी आपल्यातल्याच माणसानं तुहामीला अर्थ समजावला होता. तो पांढरा पडला होता. एक मोठा अधिकारी होता, तो म्हणत होता की हिला आत घाला. मी म्हातारीसारखी बसले, मला काही कळत नाही, खांब जड होता, बायकांनी घाई केली. कुणालाच पटत नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून एक जण रेडिओ घेऊन आला. तुझा आवाज. तू माझ्या नावानं खडे फोडत होतास. मोठ्या अधिकाऱ्यानं पूर्ण ऐकलं. मग तुहामीला म्हणाला, "हिच्या सख्ख्या भावानं हिला घराबाहेर काढलं. आपल्यासाठी केलं म्हणूनच ना? बाई बावळट आहे, दुसरं काही नाही." मला घरी सोडलं. जाताना कुणीतरी पाणीसुद्धा दिलं.

तर तुझ्या शिव्यांनी मला वाचवलं. उपकार मानू की कानाखाली देऊ, ते ठरत नाही.

तंबू परत दिला नाही. "वारसा" म्हणून ठेवणार आहेत, दोरी लावून, आत कुणी बसायचं नाही अशी पाटी लावून. आणि आईचा कागद तुहामीनं माझ्यासमोर फाडला. आता ती यायची नाही. हे मी माझ्या हातांनी केलं, कुणी जबरदस्ती केली नाही. दोन दिवस मी घरात फिरत राहिले, तिच्यासाठी समुद्राकडच्या खिडकीत गादी घातली होती ती गुंडाळताच येईना. वाचून दाखवताना इथे थांबू नकोस, पुढे जा. आई, मला माफ कर. तू म्हणाली होतीस त्याचा अर्थ मी हाच लावला. चुकीचा असेल तर सांग.

मी नीट जेवते.

सुएल्मा


अल-अयून छावणी,
९ ऑगस्ट २०२२

ताई,

जूनमधलं माझं पत्र पोचलं असेल तर चुलीत घाल. नसेल पोचलं तर देईदानं आणून दिलं तरी फोडू नकोस.

मोठ्यानं वाचलं. तू थांबू नकोस म्हणालीस तिथे मी थांबलो, मला पुढे जाता येईना. आईनंच पाठीत गुद्दा घातला. सगळं वाचून झालं तेव्हा म्हणाली, "अर्थ बरोबर लावला." मग एकदम, "मी कैदी? आणि हा माझा पहारेकरी? याला स्वतःची चप्पल सापडत नाही, ती मी शोधून देते." मी हसायला लागलो, तीही हसली, आणि हसता हसता तोंडावर मेलहफा ओढून घेतली. संध्याकाळपर्यंत काढली नाही.

मी विचारलं, "आई, तुला जायचं होतं का?"

"तुला काय वाटतं?" म्हणाली. मग म्हणाली, "असं नव्हतं जायचं."

दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, या खोलीला मावळतीकडे दार पाड. मी म्हटलं, दुपारभर ऊन येईल, भाजून निघू. म्हणाली, येऊ दे. मातीची भिंत, दोन दिवसांत पाडली. आता ती त्या दारात बसते. तुझं तोंड इकडे, तिचं तिकडे, मधे त्यांची भिंत. उन्हानं खोलीत बसवत नाही, पण तिला तिथून हलवायची माझी हिंमत नाही.

आता माझं. मला वाटलं होतं, सरळ रेडिओवर जाऊन सांगावं की माझ्या बहिणीनं काय केलं. छावणीत तुला लोक काय म्हणतात ते मी रोज ऐकतो, आणि ते त्यांच्या तोंडी मीच घातलं. पाण्याच्या टाकीपाशी एक जण काल तुझ्याबद्दल बोलला, मी त्याची कॉलर धरली, आणि मग सोडून दिली. काय सांगणार त्याला? इथे सांगितलं की तिथे कचेरीत ऐकतील. तू बावळट आहेस तोवर सुरक्षित आहेस. हा न्याय बघ, ताई. ज्यांनी आपलं सगळं नेलं त्यांच्या वारशाच्या खोलीत आईचं घर, आणि आपल्या माणसांत तू विकली गेलेली. हे मोठे देश नकाशावर रेघ ओढतात, हात हलवतात आणि निघून जातात, आणि आमच्यावर वेळ येते की सख्ख्या बहिणीचं नाव उजळही करू नये. मला रात्रंदिवस याचाच संताप येतो, आणि तो कुठे मोकळा करायचीही सोय नाही.

आईला हे बोललो. ती म्हणाली, "मोकळा कर की. रेडिओवर."

"कसा?"

"तिला शिव्या दे. एकदा देऊन गप्प बसलास तर त्यांना संशय येईल. देत राहा. ती ऐकते ना? मग ती ऐकेल तरी."

तेव्हा हे पत्र पोचलं की शुक्रवारी संध्याकाळी बातम्यांनंतर रेडिओ लाव. पुन्हा तुझ्या नावानं बोलणार आहे, आणि दर शुक्रवारी बोलणार आहे. शब्द माझे नसतील. आई दारात बसून सांगते, मी लिहून घेतो. पहिली शिवी तिनं अशी दिली आहे: जिला तंबूचं तोंड कुठे करायचं ते कळत नाही, अशा पोरीला मी नऊ वर्षं काय शिकवलं, आणि ती नीट जेवते की नाही देव जाणे.

लेहबीब